अप-डाऊन, वसतिगृह की खोली? नागपुरात शिकायला येणाऱ्यांसाठी निर्णयाचा क्रम

नागपुरातल्या महाविद्यालयात प्रवेश निश्चित झाला की घरात लगेच राहण्याचा प्रश्न निघतो. उमरेड, काटोल, सावनेर, रामटेक, मौदा, बुटीबोरी, वर्धा, भंडारा या गावांतून रोज अप-डाऊन करून पदवी घेतलेले लोक प्रत्येक ओळखीच्या घरात सापडतात, आणि त्याच गावांतून येऊन वसतिगृहात किंवा खोली करून राहिलेलेही तितकेच सापडतात. त्यामुळे सल्ल्याला तोटा नसतो. मात्र प्रत्येक जण आपण केले तेच योग्य होते असे सांगतो, आणि त्याच्या वेळी मेट्रो नव्हती किंवा त्याचे महाविद्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला होते हे सांगायचे राहून जाते. म्हणून सल्ले ऐकावेत, पण निर्णय पुढील क्रमाने, कागद-पेन घेऊन करावा. माझे मत आधीच नोंदवून ठेवतो: या निर्णयात किलोमीटरला फारसे महत्त्व नाही. संध्याकाळी वर्ग सुटल्यापासून घरी पोहोचेपर्यंत किती वेळ जातो आणि गावाकडे जाणारे शेवटचे भरवशाचे वाहन किती वाजता सुटते, या दोन गोष्टींवर बहुतेकांचा निर्णय ठरतो.

पायरी पहिली: महाविद्यालय नेमके कोणत्या दिशेला आहे ते पाहावे

पत्त्यात नागपूर लिहिलेले असले म्हणजे संस्था शहराच्या मध्यात आहे असे समजू नये. हिस्लॉप महाविद्यालय आणि शासकीय विज्ञान संस्था सिव्हिल लाइन्समध्ये, मॉरिस कॉलेज या जुन्या नावाने ओळखली जाणारी वसंतराव नाईक संस्था सीताबर्डीला, शिवाजी विज्ञान महाविद्यालय काँग्रेसनगरला, तर लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था अमरावती मार्गावर आहे. यांपैकी कुठेही प्रवेश मिळाला असेल तर बसस्थानकावरून किंवा रेल्वे स्थानकावरून पुढे पोहोचणे तुलनेने सोपे जाते. याउलट यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालय हिंगणा मार्गावर वानाडोंगरीला, रामदेवबाबा काटोल मार्गावर, सिंबायोसिस वाठोड्याला, एम्स आणि आयआयएम मिहान परिसरात, तर ट्रिपल आयटी आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठ वर्धा मार्गाकडे वारंगा येथे आहे. आयआयएम, ट्रिपल आयटी, विधी विद्यापीठ, तसेच दक्षिण अंबाझरी मार्गावरील व्हीएनआयटी यांसारख्या संस्थांत बहुतेक विद्यार्थी आवारातच राहतात, त्यामुळे तेथे प्रवेश मिळालेल्यांना या लेखाचा अर्धा भाग वाचण्याची गरज नाही.

इतरांनी आपले गाव शहराच्या ज्या बाजूला आहे त्याच बाजूला महाविद्यालय आहे का, हे तपासावे. उमरेडचे उदाहरण घेऊ. उमरेड नागपूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे आणि तिकडचा रस्ता दिघोरी, सक्करदरा या बाजूने शहरात शिरतो. उमरेडच्या विद्यार्थिनीला नंदनवन किंवा हनुमाननगर भागातील महाविद्यालय मिळाले, तर ती बसस्थानकापर्यंत न जाता अलीकडेच उतरू शकते आणि सव्वा-दीड तासात वर्गात बसू शकते. तिच्याच शेजारच्या घरातील मुलाला वानाडोंगरीला प्रवेश मिळाला, तर त्याला तेवढाच एसटीचा प्रवास करून गणेशपेठला उतरावे लागते, तेथून कॉटन मार्केटचे मेट्रो स्थानक गाठावे लागते, लोकमान्य नगरपर्यंत मेट्रोने जावे लागते आणि तेथून पुन्हा बस किंवा ऑटो पाहावा लागतो. एका बाजूचे दोन-सव्वादोन तास होतात, म्हणजे आठवड्याच्या सहा दिवसांत चोवीस ते सत्तावीस तास रस्त्यावर जातात. गाव एकच, शहर एकच, तरी एकीने अप-डाऊन करावे आणि दुसऱ्याने करू नये असा निर्णय निघतो.

याच हिशोबाने काटोल, कळमेश्वरकडच्यांना काटोल मार्गावरील संस्था सोयीच्या, बुटीबोरी, सिंदीकडच्यांना खापरी व मिहानच्या बाजूच्या, कामठी-कन्हानकडच्यांना ऑटोमोटिव्ह चौकातून मेट्रोने गाठता येणाऱ्या, तर मौद्याकडून येणाऱ्यांना प्रजापतीनगरपासून मेट्रो धरता येईल अशा संस्था सोयीच्या पडतात.

पायरी दुसरी: परतीचा वेळ स्वतः मोजावा

नकाशावरचा वेळ पाहून ठरवू नये. प्रवेशाच्या कागदपत्रांसाठी महाविद्यालयात एक-दोन खेपा होतातच. त्यांतील एक खेप मुद्दाम कामाच्या दिवशी, विद्यार्थ्याने स्वतः, ज्या साधनाने रोज जायचे त्याच साधनाने करावी. वडिलांच्या गाडीवर बसून केलेली खेप या कामाची नाही. घराच्या दारातून निघाल्यापासून वर्गाच्या दारापर्यंत वेळ लिहावा आणि येताना संध्याकाळी साडेपाचनंतरच महाविद्यालयातून निघावे. त्या वेळी हिंगणा मार्गावर एमआयडीसीतील कामगारांची आणि सीताबर्डीवर खरेदीदारांची गर्दी असते, आणि गावाकडच्या बसमध्ये उभे राहायला जागा आहे की नाही हेही त्याच वेळी कळते.

साधनांविषयी थोडे तपशील लक्षात ठेवावेत. मेट्रोच्या दोन मार्गिका आहेत: ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि लोकमान्य नगर ते प्रजापतीनगर. दोन्ही सीताबर्डीला एकमेकींना मिळतात आणि एकीतून दुसरीत तेथेच बदलावे लागते. रेल्वे स्थानक आणि कॉटन मार्केट ही स्थानके लोकमान्य नगर मार्गिकेवर असल्यामुळे धरमपेठ, शंकरनगर, सुभाषनगरकडे जाणाऱ्यांना गाडी बदलावी लागत नाही. काँग्रेसनगर, अजनी, खापरीकडे जाणाऱ्यांना बदलावी लागते. विद्यार्थ्यांसाठी तिकिटात सवलत आहे आणि डब्यात सायकल नेता येते, हे नव्याने येणाऱ्या बऱ्याच जणांना ठाऊक नसते. स्थानकापासून महाविद्यालय दोन-तीन किलोमीटर असेल, तर जुनी सायकल हा रोजच्या शेअर ऑटोवरचा स्वस्त उपाय ठरतो. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात हिंगणा, बुटीबोरी, कन्हान या दिशांना मार्ग वाढायचे आहेत. परंतु खांब उभे दिसतात म्हणून त्यांच्या भरवशावर आजचा निर्णय घेऊ नये. आज जी गाडी धावते तीच हिशोबात धरावी.

एसटीने येणाऱ्यांना शैक्षणिक पासवर भाड्यात सुमारे दोन तृतीयांश सवलत मिळते, म्हणजे विद्यार्थ्याला एक तृतीयांशच भरावे लागते. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एसटीचे तिकीट अर्ध्या दरात मिळते. तरीही नियमित जाणाऱ्या विद्यार्थिनीला पासच स्वस्त पडतो. दिवाळीच्या किंवा परीक्षेच्या तयारीच्या सुट्टीच्या महिन्यात मात्र पास घेण्याआधी प्रत्यक्ष किती दिवस जायचे आहे ते मोजावे. पासासाठी महाविद्यालयाचे बोनाफाइड प्रमाणपत्र लागते आणि सत्राच्या सुरुवातीला त्या खिडकीवर मोठी रांग असते, तेव्हा पहिल्या आठवड्याचे पूर्ण तिकीट हिशोबात धरावे.

वर्धा, सेवाग्राम, सिंदी, बुटीबोरी, भंडारा रोड, कामठी येथून रेल्वेने येणाऱ्यांसाठी मासिक पास हे सर्वांत स्वस्त साधन आहे आणि विद्यार्थ्यांना तो निम्म्या दरात मिळतो. अडचण दराची नसून गाड्यांची असते. मासिक पासावर प्रत्येक गाडीत आणि प्रत्येक डब्यात बसता येत नाही. आरक्षित डब्यात चढल्यास दंड होतो आणि सुपरफास्ट गाडीसाठी वेगळा अधिभार भरावा लागतो. म्हणून आपल्या वर्गाच्या वेळेला जुळणाऱ्या, पास चालणाऱ्या गाड्या किती आहेत ते जुन्या अप-डाऊन करणाऱ्यांकडून विचारून घ्यावे. एकच गाडी जुळत असेल आणि ती आठवड्यातून दोनदा उशिरा धावत असेल, तर पास कितीही स्वस्त असला तरी तो उपयोगाचा नाही.

दुचाकीचा विचार करणाऱ्या पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बारावी झालेले अनेक विद्यार्थी प्रवेशाच्या वेळी १८ वर्षांचे पूर्ण झालेले नसतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केल्यास २०१९ च्या सुधारणेनंतर मोटार वाहन कायद्यात पालकाला किंवा वाहनमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास अशी तरतूद आहे. शिवाय वर्धा, अमरावती आणि भंडारा हे तिन्ही मार्ग अवजड वाहनांचे आहेत. पावसाळ्यात संध्याकाळी सात वाजता ट्रकांच्या रांगेत दुचाकीवरून ४० किलोमीटर जाणे हा रोजचा कार्यक्रम असू नये, असे माझे ठाम मत आहे. शहरातल्या शहरात किंवा कामठी, वाडी, हिंगण्यापर्यंत दुचाकी ठीक आहे.

आता मोजलेल्या वेळेकडे पाहावे. परतीला दारापासून दारापर्यंत तासाभराच्या आत वेळ लागत असेल, तर अप-डाऊन करावे आणि पुढच्या पायऱ्या घाईने वाचल्या तरी चालतील. दीड तासाहून अधिक लागत असेल, तर नागपुरात राहण्याची सोय शोधावी. मधल्या अर्ध्या तासात असणाऱ्यांनी पुढचे सर्व नीट वाचावे, कारण त्यांचा निर्णय वेळापत्रक आणि घर या दोन गोष्टींवर जाणार आहे.

पायरी तिसरी: वेळापत्रकातील शेवटचा तास पाहावा

महाविद्यालयाने दिलेल्या माहितीपत्रकात वेळ ‘सकाळी १० ते सायंकाळी ५’ अशी असते आणि ती फारशी उपयोगाची नसते. आपल्या शाखेच्या मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याकडून प्रत्यक्ष वेळापत्रक मिळवावे. कला आणि वाणिज्य शाखेचे वर्ग अनेक ठिकाणी सकाळच्या पाळीत भरतात आणि दुपारच्या आत संपतात. अशा विद्यार्थ्याला दीड तासाचा प्रवासही झेपतो, कारण तो दिवसाउजेडी घरी पोहोचतो. फक्त सकाळी पहिली बस किती वाजता आहे ते पाहावे, कारण साडेसातच्या वर्गासाठी गावातून पाचला निघणे काही आठवडे जमते, वर्षभर जमत नाही. विज्ञान शाखेत प्रात्यक्षिके दुपारी असतात आणि तुकडीनुसार दोन-तीन दिवस उशीर होतो. अभियांत्रिकीत पहिल्या वर्षी कार्यशाळा व प्रात्यक्षिकांमुळे बहुतेक दिवस पाच वाजतात, आणि वरच्या वर्षांत प्रकल्पाचे काम वर्ग सुटल्यावरच सुरू होते. वैद्यकीय शिक्षणाविषयी वाद घालण्याचे कारण नाही: मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) असो वा मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), रुग्णालयातील कामाच्या वेळा सुरू झाल्या की जवळ राहावेच लागते.

उपस्थितीचा नियमही येथेच लक्षात घ्यावा. साधारणपणे ७५ टक्के उपस्थिती लागते आणि शिष्यवृत्त्यांनाही उपस्थितीची अट असते. अप-डाऊन करणाऱ्याचा पहिला तास वारंवार बुडतो, आणि तो नेमका एकाच विषयाचा असेल तर सत्राच्या शेवटी त्या एका विषयात नाव अडते. ज्यांचा पहिला तास धोक्यात आहे त्यांनी संबंधित शिक्षकांना पहिल्याच महिन्यात आपल्या गाडीची वेळ सांगून ठेवावी. शेवटी कारणे सांगणाऱ्यापेक्षा आधी सांगणाऱ्याचे शिक्षक अधिक ऐकतात.

पायरी चौथी: खर्चाचे दोन कागद करावेत

एका कागदावर अप-डाऊनचा आणि दुसऱ्यावर राहण्याचा महिन्याचा खर्च लिहावा. अप-डाऊनच्या कागदावर लोक फक्त पासाचे पैसे लिहितात आणि तेथेच फसतात. गावात बसस्थानकावर सायकल किंवा गाडी ठेवण्याचे पैसे, नागपुरातला ऑटो, बाहेरचा चहा-पोहा, चुकलेल्या बसऐवजी काळी-पिवळीला दिलेले पैसे हे सगळे त्यात यायला हवे. दुचाकीचा हिशोब तर आणखी फसवा असतो. समजा घर २५ किलोमीटरवर आहे. रोज ५० आणि महिन्याचे २४ दिवस धरल्यास १,२०० किलोमीटर होतात. गाडीने लिटरला ४५ किलोमीटर दिले तर २७ लिटरच्या आसपास पेट्रोल लागते. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर असल्याने ते पावणेतीन हजारांच्या घरात जाते, आणि टायर, ऑइल, दुरुस्ती वेगळी. शहराबाहेरच्या भागात दोघांत मिळून घेतलेल्या साध्या खोलीच्या भाड्याशी हा आकडा ताडून पाहावा.

राहण्याच्या कागदावर खोलीभाडे किंवा वसतिगृहाचे शुल्क, मेस, वीज, अनामत रक्कम, गादी-बादली-कूलरचा पहिल्या महिन्याचा खर्च आणि गावाला जाण्या-येण्याचे तिकीट लिहावे. पहिल्या वर्षी मूल दर शनिवारी घरी येते, हे पालकांनी गृहीत धरावे. महिन्याला दोनदा येईल असे ते सांगते, पण तसे होत नाही. मेस महिन्याची लावली आणि शनिवार-रविवार घरी गेले तर त्या दिवसांचे पैसे वजा होतात का, हे आधी विचारावे. बहुतेक ठिकाणी सलग काही दिवसांची रजा आधी कळवली तरच वजावट मिळते.

या दुसऱ्या कागदावर शासकीय योजनांची ओळही असावी, कारण अनेक कुटुंबांचा निर्णय तिच्यामुळे बदलतो. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहे नागपुरात आहेत आणि त्यांचा अर्ज महाविद्यालयाच्या प्रवेशाइतकाच लवकर करायचा असतो. तेथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात नागपूरसारख्या शहरात शिकणाऱ्यांना भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयं योजना, इतर मागास वर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि शेतकरी व मजूर कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. प्रत्येकीच्या उत्पन्नाच्या, गुणांच्या आणि रहिवासाच्या अटी वेगळ्या असून त्या बदलतात, म्हणून त्या वर्षीची सूचना महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात वाचावी. एक सावधगिरी: ही रक्कम जून-जुलैमध्ये हातात पडेल असे धरून खोली करू नये. निदान पहिल्या सहामाहीचा खर्च घरून करण्याची तयारी हवी.

मुलींच्या पालकांनी आणखी एक वजाबाकी करावी. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृहाचा खर्च त्यात धरलेला नाही. परंतु शुल्कासाठी बाजूला ठेवलेले पैसे राहण्याकडे वळवता येतात, आणि ‘मुलगी आहे म्हणून अप-डाऊनच करू दे’ या नेहमीच्या निर्णयामागे खरे कारण पैशाचे होते की दुसरे काही, हेही त्यानिमित्ताने घरात स्पष्ट होते.

पायरी पाचवी: वसतिगृह असेल तर आधी नियम, मग खोली

महाविद्यालयात जागा मिळाली म्हणजे वसतिगृहात मिळाली असे नसते. दोन्ही अर्ज वेगळे असतात, वसतिगृहाच्या जागा कमी असतात आणि त्या देताना गुणांबरोबर घराचे अंतरही पाहिले जाते. नागपूर शहरातील आणि लगतच्या विद्यार्थ्यांचा क्रमांक सहसा शेवटी लागतो. प्रवेशाच्या दिवशीच वसतिगृहाच्या अर्जाची शेवटची तारीख विचारून ठेवावी.

पाहायला गेल्यावर अधीक्षकांना विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत: रात्री फाटक किती वाजता बंद होते, उशीर झाल्यास काय करावे लागते, आजारी पडल्यास दवाखान्यात कोण नेते, कूलर लावायला परवानगी आहे का, आणि परीक्षा संपल्यावर किती दिवसांत खोली रिकामी करावी लागते. उरलेली खरी माहिती तेथे राहणाऱ्या मुलांकडून मिळते, म्हणून मेसमध्ये एक वेळ जेवून यावे. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनाही भरून द्यावे लागते. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा विनामूल्य राष्ट्रीय क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो फोनमध्ये जतन करून ठेवावा.

पहिल्या वर्षी वसतिगृह आणि बाहेरची खोली या दोन्हींची निवड हातात असेल, तर वसतिगृह घ्यावे. तेथील जेवणाविषयी सगळे कुरकुरतात, तरीही अभ्यासाच्या नोंदी, वरच्या वर्गातील मुलांची पुस्तके, परीक्षेच्या आदल्या रात्री शंका विचारायला माणूस, हे सर्व एका मजल्यावर मिळते. खोलीचे स्वातंत्र्य दुसऱ्या वर्षी घेता येते.

पायरी सहावी: खोली पाहायची ती दुपारी पाहावी

बाहेर राहायचे ठरल्यास महाविद्यालयापासून पायी किंवा सायकलने पंधरा मिनिटांच्या आत खोली पाहावी. नाहीतर गावाचे अप-डाऊन सोडून शहरातले अप-डाऊन सुरू होते. मध्यवर्ती आणि पश्चिमेकडील महाविद्यालयांसाठी धरमपेठ, गोकुळपेठ, बजाजनगर, अभ्यंकरनगर, प्रतापनगर या भागांत खोल्या व पेइंग गेस्टच्या सोयी आहेत. मेडिकलची मुले हनुमाननगर भागात राहतात, आणि हिंगणा मार्गावरच्या महाविद्यालयांची मुले वानाडोंगरी व डिगडोहकडे. धरमपेठेत भाडे जास्त पडते. वानाडोंगरीकडे कमी पडते, पण रात्री वाहन लवकर मिळत नाही.

खोली जुलैत, पावसाळी हवेत पाहिली जाते आणि सगळ्या खोल्या गार वाटतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा त्याच सुमारास असतात, म्हणून खोली मेच्या नजरेने पाहिली पाहिजे. दुपारी दोननंतर जावे. वर थेट गच्ची आहे का, ते विचारावे. असल्यास रात्री बारापर्यंत छत तापलेले राहते. मग खिडकी पाहावी. कूलर खिडकीबाहेर लावायला लोखंडी स्टँड आहे का, नसल्यास घरमालक लावू देतात का, खिडकीसमोर दुसरी भिंत येऊन हवा अडत नाही ना, आणि कूलरची हवा बाहेर निघून जायला समोरासमोर दुसरी खिडकी किंवा दार आहे का, हे चारही प्रश्न महत्त्वाचे आहेत. शेवटचा विशेष महत्त्वाचा, कारण बंद खोलीत कूलर लावला की गारवा येण्याऐवजी दमटपणा येतो आणि वह्या मऊ पडतात. कूलरच्या टाकीत पाणी नळाच्या पाइपने भरता येते की बादल्या वाहाव्या लागतात, तेही पाहावे. बोअरच्या जड पाण्याने वाळ्याच्या जाळ्यांवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि एकाच उन्हाळ्यात त्या बदलाव्या लागतात. सुमारे २०० वॅटचा कूलर रोज बारा तास चालला तर महिन्याला ७० युनिटांच्या वर वीज लागते; घरमालक प्रति युनिट काय दर लावतात आणि सबमीटर वेगळे आहे का, हे करारापूर्वी ठरवून घ्यावे.

नाग नदीच्या किंवा नाल्याच्या काठची तळमजल्यावरची खोली स्वस्त मिळाली तरी विचार करावा. २३ सप्टेंबर २०२३ रोजी पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या चांगल्या मानल्या जाणाऱ्या वस्त्यांत घरांमध्ये पाणी शिरले आणि सीताबर्डीचे मोरभवन बसस्थानकही बुडाले. शेजाऱ्यांना त्या रात्री पाणी कुठवर आले होते असे विचारावे. भिंतीकडे बोट दाखवून उत्तर मिळते.

करार सहसा ११ महिन्यांचा असतो. अनामत रक्कम किती, ती केव्हा परत मिळणार, खोली सोडण्यापूर्वी किती दिवस आधी सांगायचे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत भाडे द्यायचे का, हे लेखी असावे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे काम घरमालकाचे असते. त्यासाठी आधार कार्डाची प्रत आणि छायाचित्र तयार ठेवावे.

नातेवाइकांचे घर

हा पर्याय प्रत्येक घरात निघतो, म्हणून त्यावर मोकळेपणाने लिहिणे बरे. मामा, मावशी किंवा काका नागपुरात असतील तर आई-वडिलांना खोलीचा विचारही नकोसा वाटतो. पहिले दोन-तीन महिने, वसतिगृहाची यादी लागेपर्यंत, हा उत्तम आधार आहे. चार वर्षांसाठी मात्र तो दोन्ही घरांवर भार ठेवतो. मुलाला रात्री दिवा लावून बसायला संकोच वाटतो, मावशीला रोजच्या डब्याचे वेळापत्रक बदलावे लागते, आणि दोघेही तसे बोलून दाखवत नाहीत. ठेवायचेच असेल तर महिन्याला किराणा किंवा ठरावीक रक्कम देण्याचे मोठ्यांनी आपसांत बोलून घ्यावे आणि मुदतही ठरवावी. पैसे घेणार नाही असे म्हणणारी मावशी तांदळाचे पोते आणि डाळ नाकारत नाही.

पायरी सातवी: वर्षातील अवघड महिने धरून पाहावेत

अप-डाऊनची परीक्षा ऑगस्टमध्ये होत नाही. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, तेव्हा सिव्हिल लाइन्स, झिरो माइल, सीताबर्डी भागातील रस्ते मोर्चे आणि बंदोबस्तामुळे वळवले जातात, आणि हिवाळी परीक्षा त्याच्या आगेमागेच असतात. विजयादशमीच्या सुमारास दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय येतो. त्या दिवसांत रहाटे कॉलनी, लक्ष्मीनगर, बजाजनगरकडे वाहन नेण्याचा विचार करू नये. या दिवसांत मेट्रोच्या वाटेवर असलेल्यांचे निभावते, बाकीच्यांनी तासभर अधिक धरावा.

परीक्षेचे केंद्र आपल्याच महाविद्यालयात असेल असेही नाही. यासाठी अप-डाऊन करणाऱ्या अनेकांनी शोधलेला मार्ग चांगला आहे: वर्षभर घरून यायचे आणि परीक्षेच्या महिन्यापुरते एखाद्या मित्राच्या खोलीत भाड्याचा वाटा देऊन राहायचे, किंवा महिन्याच्या हिशोबाने मिळणारी पेइंग गेस्टची जागा घ्यायची. मधल्या अर्ध्या तासात अडकलेल्यांना हा पर्याय मी सर्वांत आधी सुचवीन. दिवसा बसायला शहरात महिन्याच्या शुल्कावर चालणाऱ्या अभ्यासिका भरपूर आहेत. त्यांतही कूलर कोणत्या रांगेजवळ आहे ते पाहूनच खुर्ची घ्यावी.

पायरी आठवी: एका सत्रापुरताच निर्णय घ्यावा

चार वर्षांचा निर्णय जुलैत घेण्याची गरज नाही. पहिल्या सत्रासाठी एक पर्याय निवडावा आणि तो तपासण्याचा दिवस घरात सर्वांसमोर ठरवावा. पहिल्या चाचणीचे गुण आले की तो दिवस योग्य असतो. अप-डाऊन करणाऱ्याने तेव्हा तीन गोष्टी पाहाव्यात: उपस्थिती ७५ टक्क्यांच्या वर आहे का, घरी पोहोचल्यावर दीड-दोन तास अभ्यास होतो की जेवून झोपच येते, आणि परतीची बस किंवा गाडी चुकण्याचे प्रसंग किती आले. खोलीवर राहणाऱ्याने जेवण वेळेवर होते का, महिन्याचा खर्च लिहिलेल्या कागदाच्या किती पुढे गेला आणि रूम पार्टनरशी जमते का, हे पाहावे. घरच्यांनी या चौकशीला दोषारोपाचे रूप देऊ नये, नाहीतर पुढच्या वेळी खरी माहिती मिळणार नाही.

बदल करायचा ठरल्यास दुसऱ्या सत्राच्या आधीची सुट्टी सोयीची असते. त्या वेळी काही मुले खोल्या सोडतात, वसतिगृहातही प्रवेश रद्द केलेल्यांच्या जागा रिकाम्या होतात आणि प्रतीक्षा यादी पुढे सरकते. म्हणून जुलैत वसतिगृह मिळाले नाही तरी प्रतीक्षा यादीतून नाव काढून घेऊ नये आणि त्यासाठी भरलेल्या अर्जाची पोच जपून ठेवावी. खोली सोडायची असेल तर करारात ठरलेल्या मुदतीआधी घरमालकाला लेखी कळवावे, विजेच्या मीटरचे आकडे दोघांनी मिळून पाहावेत आणि अनामत रक्कम परत घेतल्यानंतरच किल्ली द्यावी.